फौज त्यांची, वऱ्हाड आमचं

नाटोची बैठक झाली की आपल्याकडे दोन-चार दिवस रणगाडे आणि क्षेपणास्त्रांची मोजदाद चालते. युक्रेनला काय मिळालं, जॉर्जियाला का मिळालं नाही, जपान आणि ऑस्ट्रेलिया या गटाच्या किती जवळ सरकले, भारताने अमेरिकेशी लष्करी सहकार्य कुठवर न्यावं. जाणकार बोलतात, नकाशे दाखवतात. या सगळ्यात एक प्रश्न राहून जातो आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रक्षणाला येणाऱ्या फौजेचा पगार कोण देणार, आणि तो थकला तर काय उचलून नेलं जाणार?

छत्रपती संभाजीनगरच्या माणसाने हा प्रश्न विचारायचा नाही तर कुणी विचारायचा? मोठ्या सत्तेने छोट्या सत्तेला संरक्षणाचा शब्द द्यायचा, छोटीने हायसं वाटून सही करायची आणि मग पिढ्यान्‌पिढ्या रयतेने त्याची किंमत भरायची, हा व्यवहार या शहराने आणि मराठवाड्याने जवळपास दोनशे वर्षं सोसला. त्याची पहिली मोठी सही याच शहरात झाली, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे.

शाळेत ‘तैनाती फौज’ ही टीप असते. लॉर्ड वेलस्ली, सन १७९८, पहिली सही निजामाची. चार ओळी लिहिल्या की गुण मिळतात. पण हा साचा वेलस्लीने घडवलेला नाही. त्याच्या पंचेचाळीस वर्षं आधी तो औरंगाबादेत, म्हणजे याच शहरात, तयार होता, आणि तो घडवणारे इंग्रज नव्हते, फ्रेंच होते.

१७५१ साली फ्रेंच सेनानी बुसी सलाबतजंगाला घेऊन औरंगाबादेत आला. सलाबतजंग निजामाच्या गादीवर बसला होता तो फ्रेंचांच्या जोरावर. भावाभावांत वारशाचं भांडण पेटलेलं, पुण्याहून पेशव्यांचा दाब, आणि हाताशी भरवशाचं सैन्य नाही. अशा माणसाला बुसीची कवायती पलटण आणि चपळ तोफखाना म्हणजे देवाने पाठवलेली मदत वाटणार. तशी ती वाटली. पानिपतावर भाऊसाहेबांच्या तोफा चालवणारा इब्राहिमखान गारदी याच बुसीच्या हाताखाली तयार झाला, म्हणजे फौज खरोखरच चांगली होती. तिच्या दर्जाबद्दल वाद नाही. अडचण पगाराची होती.

१७५३ मध्ये बुसी आजारी पडून मछलीपट्टणला गेला. त्याच्या माघारी निजामाचा दिवाण सय्यद लष्करखान याने फ्रेंच पलटणींचा पगार थकवला आणि त्यांना तुकड्यातुकड्यांनी लांब लांब पांगवलं. दिवाणाला धोका दिसला होता. परक्याची फौज आपल्या राजधानीत मुरली की तिला काढणं अवघड, म्हणून तिची रसद आटवून तिला घालवावं, असा त्याचा डाव होता. डाव फसला. बुसी बरा झाला, हैदराबादेत त्याने आपले लोक गोळा केले आणि तो औरंगाबादवर चालून आला. १७५३च्या नोव्हेंबरात या शहरात करार झाला. फ्रेंच फौजेच्या खर्चासाठी चार सरकारं, म्हणजे त्या वेळचे जिल्हे, तोडून दिली गेली: मुस्तफानगर, एलूर, राजमहेंद्री आणि श्रीकाकुळम. आजच्या आंध्रचा तो सुपीक समुद्रकाठ. सही इथे झाली आणि मुलूख तिकडे गेला.

या कराराकडे जरा थांबून बघायला हवं, कारण पुढचं सगळं त्यात आहे. पगार जोवर रोख खजिन्यातून जातो, तोवर देणाऱ्याच्या हातात काहीतरी असतं. तो उशीर करू शकतो, घासाघीस करू शकतो, नकोशी झाल्यावर फौज निघून जा म्हणू शकतो. पगारासाठी मुलूख तोडून दिला की यातलं काहीच उरत नाही. आता फौज आपला पगार स्वतःच वसूल करते, धन्याच्या मर्जीचा प्रश्न येत नाही, आणि उद्या फौज नको असली तरी मुलूख परत मागायची हिंमत राहत नाही. दिवाणाने पगार थकवला, ही त्याची युक्ती होती. पण अंगात बळ नसताना केलेल्या युक्तीची शिक्षा मुलखाने भोगली.

फ्रेंचांचं पुढे काय झालं? १७५८ साली त्यांच्या नव्या सरदाराने, लालीने, बुसीला मद्रासकडच्या लढाईसाठी बोलावून घेतलं. निजामाला विचारायची गरज त्यांना वाटली नाही. फ्रेंचांचं हित कर्नाटकात होतं, औरंगाबादेत नव्हतं. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी मछलीपट्टण घेतलं आणि सलाबतजंगाने घाईघाईने इंग्रजांशी तह केला. भाऊ निजामअली याने त्याला कैदेत टाकलं, आणि १७६३ साली बिदरच्या किल्ल्यात त्याचा शेवट झाला. ज्याच्या रक्षणासाठी चार सरकारं दिली, त्याचं रक्षण करायला त्या दिवशी कुणीही नव्हतं.

निजामअली शहाणा होता, पण त्यानेही तोच रस्ता धरला. १७९५च्या मार्चमध्ये खर्ड्याला, आजच्या जामखेड तालुक्यात, मराठ्यांनी त्याला गाठलं. त्याच्या नोकरीत इंग्रजांच्या दोन पलटणी होत्या. गव्हर्नर जनरल जॉन शोअरने त्या मराठ्यांविरुद्ध वापरू दिल्या नाहीत. मराठेही कंपनीचे मित्र, निजामही मित्र; दोन मित्रांच्या भांडणात कंपनी पडणार नाही, ही भूमिका. खर्ड्यात निजामाचा दौलताबादचा किल्ला गेला, तीन कोटींची खंडणी डोक्यावर बसली. चिडून त्याने इंग्रज पलटणी माघारी पाठवल्या. त्याच वर्षी पोटच्या पोराने बंड केलं आणि त्याला त्या पुन्हा बोलवाव्या लागल्या. परक्याच्या फौजेची सवय लागलेल्या राजाला ती सुटत नाही, हे इतक्या उघडपणे क्वचितच दिसतं.

मग आला वेलस्ली. १ सप्टेंबर १७९८च्या तहाने निजामाकडे सहा पलटणी आल्या, वर्षाला २४ लाख १७ हजार १०० रुपये खर्चाने. १८०० साली नवा तह झाला. पलटणी आठ झाल्या, आणि म्हैसूरच्या दोन लढायांत निजामाला मिळालेला मुलूख, बल्लारी, अनंतपूर, कडप्पा, खर्चापोटी कंपनीकडे गेला. निजामाचे सैनिक टिपूशी लढले. त्या लढायांची कमाई पलटणींच्या पगारात गेली. आणि त्याच तहात आणखी एक कलम होतं: कंपनीला कळवल्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी बोलणी करायची नाहीत. मला हे कलम मुलूख गमावण्यापेक्षा भयंकर वाटतं. मुलूख लढून परत घेता येतो. पण शेजाऱ्याशी बोलायचा हक्कच विकला, तर लढायचं कुणाच्या सोबतीने?

यात निजामाला नावं ठेवून मराठी माणसाने सुटका करून घेऊ नये. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला दुसऱ्या बाजीरावाने असाच कागद सही केला. सहा पलटणी, आणि त्यासाठी २६ लाखांचा मुलूख. पुरते नऊ महिने व्हायच्या आत, २३ सप्टेंबर १८०३ला, असईच्या माळावर शिंदे-भोसल्यांचा पराभव झाला. आजच्या जालना जिल्ह्यातलं हे गाव. जिंकणारा होता गव्हर्नर जनरलचा धाकटा भाऊ आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. पेशव्याच्या रक्षणासाठी आलेली फौज पेशव्याच्याच सरदारांवर चालून गेली. कुंपणानेच शेत खाल्लं.

आता आपल्या छावणीकडे या. जुन्या शहरातल्या गल्लीबोळांतून खाम नदी ओलांडून पलीकडे गेलं की रस्ते एकदम सरळ होतात. बंगल्यांची मोठाली आवारं, जुनी झाडं, चर्च, गोऱ्यांची दफनभूमी, एका रेषेत आखलेल्या बराकी. शहर वेगळं आणि छावणी वेगळी, हा फरक आजही पायांना जाणवतो. ही आखणी कंपनीच्या पैशातून झालेली नाही. ती बीड, परभणी, नांदेड, औरंगाबादच्या शेतसाऱ्यातून झाली.

इथे राहायचं ते हैदराबाद कंटिंजंट. तैनाती फौज वेगळी, हे वेगळं, आणि हा भेद महत्त्वाचा आहे. १८००च्या तहात निजामाने युद्धाच्या वेळी सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडदळ कंपनीला द्यायचं ठरलं होतं. युद्धाच्या वेळी. निजामाच्या दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, रेसिडेंट हेन्री रसेल याने १८१३ पासून निजामाच्या खर्चाने, पण इंग्रज अंमलदारांच्या हाताखाली, कायमची पलटण उभी करायला घेतली. ती वाढत गेली. औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, अचलपूर, बोलारम, लिंगसूर अशी तिची ठाणी झाली. खर्च गेला वर्षाला चाळीस लाखांच्या घरात. अंमलदार रेसिडेंटने नेमायचे, पगार निजामाने द्यायचा. शांततेच्या काळात असं सैन्य पोसायचं बंधन कोणत्याही तहात नव्हतं.

पैसा आणायचा कुठून? दिवाण चंदूलालने पामर कंपनीकडून जबर व्याजाने कर्ज काढलं. त्या पेढीतला एक भागीदार विल्यम रंबोल्ड. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने मुलीसारखी वाढवलेली मुलगी त्याची बायको. रेसिडेंट मेटकाफने हे प्रकरण उघडं करून लावून धरलं तेव्हा कुठे ते थांबलं, आणि १८२४ साली पेढी बुडाली. कर्ज मात्र राहिलं. ते फेडायला तालुकेच्या तालुके इजाऱ्याने दिले गेले, अरब आणि रोहिले जमादारांकडे, सावकारांकडे गहाण पडले. ज्याने पैसा आगाऊ भरला तो रयतेकडून दुप्पट काढणार, याला कागद लागत नाही.

रयत उठली तर? कंटिंजंट होतंच. हदगाव भागात नोवसाजी नाईक हटकर यांनी निजामाच्या कारभाराविरुद्ध मुलूख उठवला. १८१९च्या जानेवारीत मेजर पिटमनच्या हाताखाली निजामाच्या खर्चावरच्या या फौजेने नाव्ह्याच्या गढीला वेढा घातला, तोफा लावल्या आणि ती पाडली. नोवसाजींच्या लोकांना मारणारी गोळी त्यांच्याच साऱ्यातून विकत घेतलेली होती.

टॉमस मनरो हा काही हिंदुस्थानचा कैवारी म्हणून ओळखला जाणारा माणूस नाही. कंपनीचा निष्ठावंत अधिकारी. त्याने १८१७ साली हेस्टिंग्जला पत्र लिहून बजावलं होतं की तैनाती फौज जिथे जाते तिथलं राज्य दुबळं आणि जुलमी होतं. त्याचं कारण त्याला नेमकं दिसलं होतं. वाईट राजाला आवरायचे दोनच उपाय असतात, घरातला उठाव किंवा बाहेरचा शत्रू. मित्राची फौज दारात उभी असली की राजाला दोन्हींची भीती उरत नाही. मग तो सुधारेल कशाला? मराठवाड्याचं पुढचं शतकभराचं दारिद्र्य, शाळांचा दुष्काळ, रस्त्यांचा दुष्काळ, याचं एक मूळ मला या पत्रात दिसतं. संरक्षण मिळालं ते गादीला. रयतेला मिळाला तो वसुलीचा तगादा.

१८५३ साली हिशेब वसुलीला आला. डलहौसी गव्हर्नर जनरल. कंटिंजंटच्या पगारासाठी कंपनीने दिलेल्या उचलीची बाकी पन्नास लाखांच्या आसपास दाखवली गेली. गंमत वाटावी अशी ही गोष्ट नाही, संताप यावा अशी आहे: शांततेत ही फौज पोसणं निजामावर तहाने बंधनकारक आहे असं प्रामाणिकपणे म्हणता येत नाही, हे डलहौसीने स्वतः लिहून ठेवलं होतं. तरीही मागणी पुढे गेली. जालना आणि सिकंदराबादच्या छावण्यांतला अबकारीचा पैसा इंग्रज स्वतःकडे ठेवत होते. तो निजामाच्या नावे जमा धरला असता तर कर्ज असं उरलंच नसतं, हे पुढे खुद्द रेसिडेंट डेव्हिडसनने मान्य केलं. पण तो कबुलीजबाब आला १८६० साली, सह्या होऊन सात वर्षं झाल्यावर.

दरबारात रेसिडेंट लो याच्यासमोर नासिरुद्दौला निजाम बोलला ते लोनेच नोंदवलं आहे. राजाला दोन गोष्टी लाजिरवाण्या: गरज नसताना वडिलोपार्जित मुलूख देऊन टाकणं, आणि इमानाने लढलेल्या सैनिकांना घरी बसवणं. त्याला यातली एक करावीच लागणार होती. पुण्याकडे गोऱ्या पलटणी सज्ज ठेवल्याचा निरोप दिवाणापर्यंत पोचवला गेला. २१ मे १८५३ला सही झाली. वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्गचा भाग आणि रायचूर दोआब, सगळं फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांच्या ताब्यात. वऱ्हाड म्हणजे काळी जमीन, आणि काळी जमीन म्हणजे कापूस. मँचेस्टरच्या गिरण्यांना त्याच सुमारास कापूस हवा होता.

चार वर्षांनी, १८५७च्या जूनमध्ये, याच कंटिंजंटच्या पहिल्या रिसाल्याचे स्वार मोमिनाबादहून औरंगाबादच्या छावणीत आले होते. आपल्याला दिल्लीवर, बादशहावर चालून जायला नेणार अशी कुणकुण त्यांना लागली. दक्षिणेबाहेर लढायला जाणार नाही, असं त्यांनी ठरवलं. जनरल वूडबर्नची फौज पुण्याकडून आली, परेड झाली, गोळी चालली. मीर फिदा अली या दफेदाराने कप्तान अॅबटवर गोळी झाडल्याबद्दल त्याला तिथल्या तिथे लष्करी न्यायालयाने फाशी दिली. इतर कित्येकांना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिलं. क्रांती चौकातल्या काळ्या चबुतऱ्याशी शहर आजही ही आठवण जोडतं. मला त्या स्वारांच्या म्हणण्यातली साधी गोष्ट भिडते. पगार निजामाचा, नोकरी दक्षिणेची, मग दिल्लीचं भांडण आमचं कसं? त्या एका प्रश्नासाठी ते मेले. उरलेलं कंटिंजंट पुढच्या वर्षी सर ह्यू रोजबरोबर मध्य हिंदुस्थानात, झाशीवर गेलं. वऱ्हाडातल्या कुणब्याच्या साऱ्यावर पोसलेले घोडे राणी लक्ष्मीबाईंच्या फौजेवर धावले.

सत्तावन्नात निजाम इंग्रजांच्या बाजूला राहिला. बक्षीस म्हणून १८६०ला धाराशिव आणि रायचूर परत मिळालं, पन्नास लाखांचं कर्ज माफ झालं. वऱ्हाड नाही. दिवाण सालारजंगाने ते परत मिळावं म्हणून उमर घालवली, १८७६ साली थेट विलायतेला जाऊन आला. नाही. १९०२ला कर्झनने निजाम महबूबअलीकडून वर्षाला २५ लाखांच्या मोबदल्यात वऱ्हाडाचा कायमचा पट्टा लिहून घेतला. आणि १९०३ला कंटिंजंट ही वेगळी फौज म्हणून संपवून हिंदुस्थानी सैन्यात मिसळली. (तिच्या पायदळाचा वारसा आजच्या कुमाऊं रेजिमेंटकडे आहे, शिपायांचा यात काहीच दोष नव्हता.) ज्या फौजेच्या पगारासाठी वऱ्हाड घेतलं ती फौज गेली, वऱ्हाड मात्र परत आलं नाही.

निजामाने तरीही निष्ठा सोडली नाही. पहिल्या महायुद्धात हैदराबादचे लान्सर पॅलेस्टाइनच्या मोहिमेत होते. दिल्लीतल्या तीन मूर्तींपैकी एक त्यांची आहे. त्याच्या पैशातून ब्रिटिश हवाईदलाच्या एका तुकडीला विमानं मिळाली आणि तिच्या नावात हैदराबाद आलं. १९१८ला इंग्लंडच्या राजाने निजाम उस्मानअलीला ‘ब्रिटिश सरकारचा विश्वासू मित्र’ असा किताब दिला. एकोणतीस वर्षांनी लंडनच्या संसदेने भारतीय स्वातंत्र्याचा कायदा केला, त्याच्या सातव्या कलमाने संस्थानांशी असलेले सगळे तह एका फटक्यात संपले. जुना मित्र आपल्याला वाऱ्यावर सोडतो आहे, अशी तक्रार उस्मानअलीने जुलै १९४७ मध्ये माउंटबॅटनला पत्र लिहून केली. गरज सरो, वैद्य मरो. निजाम सुरक्षा परिषदेकडे गेला. तिथे बोलणी होईस्तोवर, १७ सप्टेंबर १९४८ला, मराठवाडा मोकळा झाला. स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्या पिढीने जो लढा दिला तो एका राजाविरुद्ध होताच. त्याच्या गादीला दीडशे वर्षं लोकांच्या रागापासून वाचवून ठेवणाऱ्या व्यवस्थेविरुद्धही होता. तिचं निजामाला सोडून जाणं हे आपल्या भाग्याचं. पण तिने त्याला सोडलं ते आपल्यासाठी नव्हे.

एवढा इतिहास अंगावर असलेल्या माणसाने आजच्या बातम्या कशा वाचाव्यात?

एप्रिल २००८ मध्ये बुखारेस्टला नाटोने जाहीर केलं की जॉर्जिया आणि युक्रेन सदस्य होतील. केव्हा, ते सांगितलं नाही. ऑगस्टमध्ये रशियाचे रणगाडे जॉर्जियात होते. पाचवं कलम, एकावर हल्ला तो सर्वांवर, हे फक्त सदस्यांसाठी आहे. जॉर्जियाने अफगाणिस्तानात बिगरसदस्य देशांतल्या सर्वांत मोठ्या तुकड्यांत मोडतील इतके सैनिक पाठवले, पोरं गमावली, आणि दार बंदच राहिलं. युक्रेनने १९९४ साली बुडापेस्टच्या आश्वासनावर अण्वस्त्रं सोडली. २०१४ला क्रिमिया गेला, २०२२ला राजधानीवर बॉम्ब पडले. शस्त्रं आली, भरपूर आली, त्याचं मोल मी कमी करणार नाही. पण ३० एप्रिल २०२५ला युक्रेनला अमेरिकेबरोबर खनिजांच्या निधीचा करार करावा लागला. आधी दिलेली मदत कर्ज म्हणून त्यात धरू नये, एवढं त्यांनी भांडून मिळवलं. नासिरुद्दौलाला तेवढंही मिळालं नव्हतं.

काबूलचं उदाहरण उलट्या बाजूने तेच सांगतं. तिथे पगार मित्रानेच दिला. वीस वर्षं अफगाण सैन्य अमेरिकी पैशावर चाललं, विमानं परदेशी कंत्राटदारांनी राखली. २९ फेब्रुवारी २०२०ला दोह्यात अमेरिकेने तालिबानशी करार केला, काबूल सरकारला खोलीबाहेर ठेवून. कंत्राटदार निघाले तशी विमानं जमिनीवर बसली, आणि १५ ऑगस्ट २०२१ला शहर पडलं. पैसा आपल्या लोकांचा नसेल तर फौज आपल्या लोकांची होत नाही, मग तो तिजोरीत कुठल्याही वाटेने येवो.

फिनलंड वेगळं वागलं. तेही १९९४ पासून नाटोचा भागीदारच होतं. पण सक्तीची लष्करसेवा त्यांनी सोडली नाही, युद्धात २ लाख ८० हजार माणूस उभा करायची तयारी ठेवली, शहरांखाली खडकांत आसरे खोदले. एप्रिल २०२३ला ते नाटोत गेले तेव्हा मागायला गेले नव्हते, द्यायला काहीतरी घेऊन गेले होते. भागीदारीला माझा विरोध नाही. रिकाम्या हाताने केलेल्या भागीदारीला आहे.

भारत कुठल्याही लष्करी गटाचा सदस्य नाही आणि नसावा. २०१६चा रसद करार, २०१८चा संदेशवहनाचा कॉमकासा, २०२०चा नकाशे आणि उपग्रह माहितीचा बेका, हे अमेरिकेशी झालेले करार तळ देणारे नाहीत, रसदेचा खर्च ज्याचा त्याने द्यायचा आहे, हे चांगलं आहे. २०२५च्या ऑगस्टअखेरीस अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं आणि त्याच आठवड्यात आपले जवान संयुक्त सरावासाठी अलास्कात पोचले. दोन्ही गोष्टी एकाच मित्राच्या. सराव करावा, शस्त्रं घ्यावीत, माहिती घ्यावी. पण कापसाचा भाव, तेल कुणाकडून घ्यायचं, कुणाशी बोलायचं, हे त्या कागदांत कुठून शिरत नाही ना, याची खात्री लोकांनी करायची असते.

ती करायची तर कागद वाचायला मिळाले पाहिजेत. कॉमकासाचा मजकूर गोपनीय आहे. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय करार संसदेच्या मंजुरीशिवाय होऊ शकतात. सरकार सही करतं आणि खासदारांनाही ते वर्तमानपत्रातून कळतं. शस्त्रांचे तांत्रिक तपशील झाकून ठेवावेत, ते मला पटतं. खर्च, मुदत आणि करारातून बाहेर पडायची वाट झाकायचं काही कारण नाही. मराठवाड्यातून लोकसभेत आठ खासदार जातात. त्यांच्यातल्या एकाने तरी पुढच्या अधिवेशनात उभं राहून विचारावं: या करारांचा खर्च कोणत्या शीर्षाखाली पडतो, किती महिन्यांच्या सूचनेने आपल्याला बाहेर पडता येतं, आणि दुसऱ्या कुणाशी बोलण्याआधी कुणाला कळवायचं बंधन कुठल्या कलमात आहे का. उत्तर लेखी मागावं, आणि ते सभागृहाच्या पटलावर ठेवायला लावावं.